जर्सी उतरवा

माझा नवरा धंदेवाईक फुटबॉल खेळायचा असं सांगितलं की समोरच्याचे डोळे आधी मोठे होतात आणि लगेच प्रश्न येतो, "पोलंडकडून खेळला का?" उत्तर मी पाठच करून ठेवलंय. खेळला नाही, पण धावला भरपूर.

यात काही खोटं नाही. रायमुंड पंचविशीत वॉर्सॉच्या एका मोठ्या क्लबात मधल्या फळीत खेळायचा. मला फुटबॉलचा मनापासून कंटाळा, पण तो चेंडू पायात घेऊन मान वर करायचा आणि कुणाला द्यायचा ते शोधायचा, तेवढा क्षण मलाही आवडायचा. त्या वर्षी त्याला राष्ट्रीय संघात बोलावणं आलं. सामना खोझूवला, म्हणजे आमच्या सिलेशियातच. माझे सासरे आलोइझ आपली खाणीतली अख्खी पाळी घेऊन स्टेडियमवर आले. आंघोळी करून, कोट घालून, पण डोळ्यांच्या कडा कोळशाने काळ्या त्या काळ्याच. दुसऱ्या हाफला रायमुंडला गोलपोस्टमागे अंग गरम करायला पाठवलं. तो धावला. गुडघे छातीला लावून धावला, आडवा धावला, उलटा धावला. प्रत्येक वेळी चेंडू बाहेर गेला की बेंचकडे बघायचा. बघता बघता शिट्टी वाजली, सामना संपला, आणि त्याला पुन्हा कधी कुणी बोलावलं नाही.

घरी आल्यावर सासरे म्हणाले, "धावलास मात्र छान हं."

ते टोमणा मारत नव्हते. बिचाऱ्यांना दुसरं काही सुचलंच नाही. रायमुंड न जेवता आत जाऊन बसला.

त्यानंतर गुडघा गेला. मग जर्मनीत दुसऱ्या लीगचा एक क्लब. तिथल्या कोचला आमचं आडनाव, कोपचोक, दोन वर्षांत एकदाही नीट उच्चारता आलं नाही आणि त्याला तशी गरजही फारशी पडली नाही. मग पुन्हा गुडघा. मग सायप्रस. तिथे सिमेंटसारख्या कडक मैदानावर तो खेळत राहिला आणि एका सकाळी क्लबच्या दाराला कुलूप दिसलं. प्रत्येक ठिकाणी मी पडदे शिवले, प्रत्येक ठिकाणचे पडदे पुढच्या घराच्या खिडक्यांना आखूड पडले. शेवटी पस्तिशीला टेकलेला नवरा आणि आखूड पडदे घेऊन मी वागेव्काला परत आले.

वागेव्का म्हणजे आमचं गाव. खाण होती ती बंद झाली. खाणीमागून सिनेमागृह गेलं, बेकरी गेली, ट्रामचा फाटा उखडला. उरला तो कार्बोन वागेव्का हा फुटबॉल क्लब, तिसऱ्या लीगच्या तळाशी कसाबसा चिकटलेला. नगरपालिकेने साफ सांगून टाकलं होतं: यंदा खाली घसरलात तर मैदान विकायचं. सुपरमार्केटवाले मोजमाप करूनही गेले होते. त्यामुळे त्या वसंतात चर्चमध्येसुद्धा लोक गुडघे टेकून काय मागत होते ते मला विचारू नका. मी स्वतः तेच मागत होते.

आणि रायमुंड? रायमुंड बेंचवर.

आमचे कोच वालेंती पिका. साठीचा, पोट सुटलेला, सदा घाम पुसणारा माणूस. पूर्वी खाणीत दिवे दुरुस्त करायचे. माणूस सरळ, पण चिंतेने पोखरलेला. मार्चमध्ये त्यांनी रायमुंडला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की गुडघ्यातलं पाणी दर आठवड्याला सुईने काढून मी तुला खेळवणार नाही, तुझ्या बापाला काय तोंड दाखवू? रायमुंडने घरी येऊन बूट असे फेकले की मांजर कपाटाखाली जाऊन बसलं.

"मला काय पाण्याच्या बाटल्या वाहायला ठेवलंय?" तो ओरडला.

"निदान त्या तरी नीट वाहा," मी म्हटलं. "बूट उचल."

बूट उचलता उचलता तो खाली बसला तो बसलाच. मी वळून पाहिलं तर रडत होता. मोठ्याने नाही, नुसतं नाक ओढत. "योला," तो म्हणाला, "मला एकदाच खेळायचंय. इथं, आपल्या गावात, आपल्या लोकांसमोर. मग मी बूट जाळून टाकतो. देवाशपथ."

"एकदाच, एकदाच करत माझी सगळी उमेदीची वर्षं गेली, रायमुंड."

"मग आणखी एकदा."

कणीक तिंबावी तसा मी त्याचा गुडघा कापराचं तेल लावून चोळत बसले. रागही येत होता आणि जीवही तुटत होता. दोन्ही एकदम कसं होतं ते लग्न झालेल्या बाईला सांगावं लागत नाही.

मग रोज तेच. सकाळी बर्फाची पिशवी, दुपारी सराव, संध्याकाळी तोंड पाडून घर. रविवारी मी रोलाडा, म्हणजे मांसाच्या गुंडाळ्या, आणि बटाट्याचे गोळे करायची, तांबड्या कोबीसकट. तो गोळे काट्याने ताटभर फिरवायचा. "हा बेंच, हा पिका, हा मी," म्हणायचा. सासरे म्हणायचे, "अरे, खा तरी! बेंचवाल्यालासुद्धा भूक लागते." "माझी कबुतरं तुझ्यापेक्षा जास्त दाणे टिपतात," असंही म्हणायचे. तो हसायचा नाही. शेवटच्या सामन्याआधी तो पिकांच्या घरी गेला आणि, हे मला पिकांच्या बायकोने सांगितलं, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून हात जोडल्यासारखं करून म्हणाला, "सर, पाच मिनिटं द्या. जिंकत असू तर द्या, हरत असू तर द्या. मला बेंचवर बसून संपवू नका." पिका म्हणाले, बघू. रायमुंड घरी आला तो शीळ घालत. 'बघू'वर शीळ घालणारा माणूस किती मेटाकुटीला आलेला असेल!

आता एक नियम सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या लीगमध्ये प्रत्येक संघाला सामनाभर मैदानात एक तरी कोवळा पोरगा ठेवावा लागतो, एकविशीच्या आतला, पोलंडचा. देशात नवे खेळाडू तयार व्हावेत म्हणून. क्षणभर जरी असा पोरगा मैदानात नसला, तरी सामना गेला, मग गोल कितीही मारा. वय धरायचं ते जानेवारीपासून. डिसेंबरात जो पोरगा असतो तो नव्या वर्षाला एकदम बाप्या होतो, नियमापुरता.

आमचा डावा बचावपटू दामियान असाच. मागचा अख्खा मोसम संघाचा 'पोरगा' तोच होता, आणि गोल चेहऱ्यामुळे आणि गालावरच्या लालीमुळे सगळं गाव त्याला अजून पोरगाच म्हणायचं. 'पोरग्या, पाव घेऊन जा,' असं दुकानदारीण म्हणायची. कागदावर मात्र तो जानेवारीतच बाद झाला होता. आमच्या ड्रेसिंग रूममध्ये त्याची रीत आहे. चेंडूंची जाळी पोरग्याने वाहायची, आणि तो वयातून बाहेर पडला की संघातला वयाने सगळ्यात मोठा खेळाडू सर्वांसमोर ती जाळी त्याच्या खांद्यावरून उतरवून घेतो, मग पोरग्याने बिअर पाजायची. हिवाळी शिबिरात हे झालं होतं. रायमुंड रात्री हसत आला होता, अंगाला बिअरचा वास.

शेवटचा सामना जूनमध्ये, शनिवारी. सगळीकडचे सामने एकाच वेळी सुरू, कुणी कुणाचा निकाल बघून खेळू नये म्हणून. आम्हाला बरोबरी पुरे होती. ओपोलेकडचा संघ आला होता. त्यांना वर जायचं नव्हतं की खाली, पण तसे लोकच कधी कधी भारी चेवाने खेळतात. मी सासऱ्यांबरोबर जुन्या लाकडी बाकांवर. त्यांनी थर्मासमधून चहा ओतला आणि अर्धा स्वतःच्या पँटवर सांडला.

"बाबा, चहा सांडला की!"

"मी नाही सांडला. बाक हलतोय."

बाक हलत नव्हता. सगळं मैदान भरलं होतं. कुंपणाला चिकटून ग्रूबी आणि त्याची टोळी, ढोल घेऊन. ग्रूबी म्हणजे जाड्या. खरं नाव सगळे विसरले. रायमुंडच्या वर्गात होता, खाण बंद होईपर्यंत खाणीत होता, आता क्लब हाच त्याचा धर्म. उघड्या अंगाने तो ढोलावर असा तुटून पडला होता की ढोलाची कीव यावी.

मध्यंतरापूर्वीच आम्ही एक गोल खाल्ला. मध्यंतरात पिकांनी एक पोरगा काढून दुसरा पोरगा घातला, नियमाप्रमाणे, व्यवस्थित. त्यानंतर आमचे लोक नुसते धावत होते. चेंडू मधोमध येऊन हरवायचा, त्याला पुढे नेणारं कुणीच नव्हतं. वरून मला, फुटबॉल न कळणाऱ्या बाईला, ते दिसत होतं. गोलपोस्टमागे रायमुंड धावत होता. गुडघे छातीला. आडवा. उलटा. मला बघवेना. मी मान फिरवली तर सासरे ओठातल्या ओठात काही म्हणत होते. कान दिला तर, "पाठव रे बाबा, पाठव त्याला," एवढंच. ते देवाला म्हणत होते की पिकांना, कोण जाणे.

शेवटची काही मिनिटं उरली. लोकांनी आधी शिव्या घातल्या, मग शिव्याही थांबल्या. ते फार वाईट. आणि पिकांनी घाम पुसत गोलपोस्टच्या दिशेने हात हलवला. रायमुंडने जॅकेट काढलं ते फेकूनच दिलं. सासरे उभे राहिले, मी उभी राहिले, ग्रूबीने "कोप-चोक! कोप-चोक!" सुरू केलं आणि सगळं गाव त्यात मिसळलं. तो रेषेवर उभा होता. बदलीची पाटी वर गेली. आत दहा, बाहेर एकोणीस. रायमुंडने पाटीकडे पाहिलं, मग पिकांकडे पाहिलं, मग मैदानाकडे. मला तेव्हा वाटलं, घाबरलाय बिचारा. एकोणीस नंबर, आमचा मध्यंतरानंतर आलेला पोरगा, त्याच्या हातावर टाळी देऊन बाहेर आला आणि माझा नवरा आत गेला.

आणि तो काय खेळला! मी खोटं बोलणार नाही, मला त्या मिनिटांचा आजही अभिमान वाटतो आणि त्याचीच लाजही वाटते. लंगडत होता, पण चेंडू त्याच्या पायात आला की सगळं शांत व्हायचं. तो मान वर करायचा. एकदा डावीकडे दिला, एकदा उजवीकडे. लोक त्या जुन्या सवयीने हुंकारायला लागले. मग कॉर्नर मिळाला. त्याने मारलेला चेंडू कुणाच्या तरी डोक्याला लागून परत त्याच्याकडेच आला. त्याने तो जमिनीला टेकूच दिला नाही. वाईट गुडघ्याच्याच पायाने मारला आणि जाळं हललं.

सासऱ्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी निळा पडला. शिट्टी वाजल्यावर लोक कुंपणावरून आत पडले. ग्रूबीने रायमुंडला खांद्यावर घेतलं. पिका बेंचवर बसून टॉवेलात तोंड खुपसून रडत होते. वागेव्का लीगमध्ये राहिली. त्या दिवशी मला खरोखर वाटलं, की चला, एवढी वर्षं फुकट नाही गेली.

सोमवारी आमच्या खालच्या नंबरच्या क्लबाने तक्रार केली. एकोणीस बाहेर गेल्यावर कार्बोनच्या संघात पोरगा कोण होता? पिका म्हणाले, दामियान. त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. त्यांनी दामियानलाच हाक मारून विचारलं, "अरे, तू अजून पोरगाच ना?" आणि दामियान पांढराफटक पडला. तो म्हणाला, मी नाही सर, जानेवारीतच संपलं. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे, बेंचवर काहीतरी ठरलं असेल. रेषेवरच्या पंचाला ते दिसलं नव्हतं. तसं काय, तिसऱ्या लीगच्या रेषेवर कोण जन्मतारखा बघत बसतं? लीगने आमच्यावर तीन-शून्य अशी हार लावली. आम्ही खाली गेलो. सुपरमार्केटवाल्यांचा ट्रक गुरुवारी मैदानाबाहेर उभा राहिला.

गावाने पिकांना जिवंत सोललं. त्यांच्या गाडीवर कुणी रंगाने 'आकडेमोड शिक' असं लिहिलं. त्यांच्या बायकोला पावाच्या दुकानात कुणी रांगेत पुढे जाऊ देईना. आणि रायमुंड? रायमुंडच्या पाठीवर थाप. "तू तुझं केलंस रे, कॅप्टन." कॅप्टन तो नव्हताच, त्या गोलानंतर लोकांनीच केला. एक म्हातारा आमच्या दारात स्वतःच्या बागेतले मुळे ठेवून गेला. रायमुंड माळ्यावर सासऱ्यांच्या कबुतरांच्या खुराड्यात जाऊन बसायचा आणि जेवायलाही खाली उतरायचा नाही.

मी मुळे धूत होते. त्या म्हाताऱ्याचे. आणि अचानक मला ती चेंडूंची जाळी आठवली. हिवाळ्यातली. बिअरचा वास. मुळा माझ्या हातातून सिंकमध्ये पडला. संघातला वयाने सगळ्यात मोठा खेळाडू कोण? ती जाळी दामियानच्या खांद्यावरून उतरवली कुणी?

मी शिडीवर चढून खुराड्यात गेले. आयुष्यात पहिल्यांदाच. कबुतरं फडफडली.

"रायमुंड, तुला माहीत होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. हातातल्या कबुतराच्या पाठीवरून बोट फिरवत राहिला.

"बोल ना! तूच त्याची जाळी उतरवलीस. पाटीवर एकोणीस बघितलास. तुला माहीत होतं की नाही?"

"होतं."

"कधी कळलं? आत गेल्यावर?"

"रेषेवरच." त्याचा आवाज अगदी साधा होता, भूक नाही असं सांगावं तसा. "सरांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावरून कळलं, त्यांच्या लक्षात नाहीये. दोनच शब्द बोलायचे होते, योला. 'दामियान नाही.' संपलं."

"मग का नाही बोललास?"

"मग त्यांनी मला बसवलं असतं. एकोणीसला आत ठेवायचा म्हणजे दुसरा कुणीतरी काढायचा, नव्याने विचार करायचा, घाबरले होते ते. म्हणाले असते, राहू दे, बस. बदली खेळाडू घालायच्या संधी संपत आल्या होत्या. वेळ संपत आली होती. मला वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही. आणि खरं सांगू? तेही नंतर वाटलं. आधी फक्त एवढंच वाटलं, की मला आत जायचंय."

माझ्या हातात काही असतं तर मी फेकून मारलं असतं. मी त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. हलकट म्हटलं, अख्खं गाव विकलंस म्हटलं, पिकांच्या बायकोला रांगेत उभं केलंस म्हटलं. मग माझंच अवसान गळालं. कारण त्या गोलाला मीसुद्धा ओरडले होते. त्याला आत गेलेलं बघायला मीही जीव टाकला होता.

"जाऊन सांग," मी म्हटलं. "सगळ्यांना. आज."

"सांगतो," तो म्हणाला. "उद्या सगळे जमणार आहेत, सामान परत करायला. तिथं सांगतो. मलाही हे गिळवत नाहीये, योला. लोक मुळे आणून देतायत मला!"

दुसऱ्या दिवशी गाडी मी चालवली, त्याचा गुडघा सुजून टम्म झाला होता. क्लबच्या आवारात खेळाडू जमले होते, सगळ्यांच्या अंगात जर्सी, क्लबचा शेवटचा फोटो काढायचा होता. पिका भिंतीशी उभे, हातात पिशवी. आठवड्यात म्हातारे झाले होते. आणि फोटोवाला येण्याआधीच फाटकातून ग्रूबी आणि त्याची टोळी आली. ढोल नव्हता. कुणी ओरडतही नव्हतं.

आमच्याकडे संघाने गावाची लाज घालवली की हे होतं. पाठीराखे येतात आणि जर्सी मागतात. ह्या रंगाच्या लायक नाही तुम्ही, उतरवा. पोलिसांना बोलावत नाही कुणी. खेळाडू उतरवतात आणि उघड्या अंगाने घरी जातात. मी हे दुसऱ्या गावांत पाहिलं होतं, टीव्हीवर. आपल्या आवारात बघेन असं कधी वाटलं नव्हतं.

"जर्सी उतरवा," ग्रूबी म्हणाला.

एकेकाने उतरवली. गोलकीपरने, दामियानने. दामियान हुंदके देत होता आणि त्याचं डोकं गळ्यातच अडकलं, तर ग्रूबीने स्वतः ती ओढून काढली, काहीशा मायेनेच. कुणी वर पाहत नव्हतं. जर्सींचा ढीग झाला. रायमुंडने हात कॉलरला लावला तर ग्रूबीने त्याचं मनगट धरलं.

"तू नाही, कॅप्टन. तुझी राहू दे अंगात. ह्या सगळ्यांत एकटा तूच लायक."

"सोड, ग्रूबी."

"अरे, नाही म्हटलं ना!"

"मला माहीत होतं," रायमुंड म्हणाला. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दामियान पोरग्यांत मोडत नाही, हे मला रेषेवरच माहीत होतं. मी बोललो नाही. मला खेळायचं होतं म्हणून बोललो नाही. सरांची चूक होती, पण ती थांबवायची माझ्या हातात होती. मैदान मी घालवलं."

आणि त्याने जर्सी काढून पुढे केली. पांढरं अंग, जागोजागी चिकटपट्ट्या. मला वाटलं आता मारतात ह्याला. खरं सांगते, मला तेच हवं होतं. एक ठोसा बसला असता तर तो त्या रात्री झोपला असता.

ग्रूबीचे डोळे भरून आले.

"बघितलंत?" तो टोळीकडे वळून म्हणाला. "बघितलंत का हा माणूस? त्या म्हाताऱ्या कोचला वाचवायला स्वतःच्या अंगावर घेतोय!"

"नाही रे, ग्रूबी, खरंच—"

"गप! मला शिकवू नकोस. शाळेतही असाच होतास तू. खिडकी मी फोडली, छड्या तू खाल्ल्यास." त्याने रायमुंडला मिठी मारली. मागून कुणीतरी "कोप-चोक" सुरू केलं, मग सगळ्यांनी. रायमुंड मिठीतून ओरडत होता, "अरे, ऐका, ऐका ना!" ते जितका तो ओरडे तितके जोरात म्हणत. मी पुढे झाले, म्हटलं, "खरं बोलतोय तो, मला सांगितलंय त्याने!" तर कुणीतरी म्हणालं, बायकोही तशीच आहे, सोन्यासारखी.

मग पिका भिंतीपासून पुढे आले. ढकलाढकलीत वाट झाली. ते रायमुंडसमोर येऊन उभे राहिले आणि त्याच्या चेहऱ्याकडे, अगदी जवळून, खूप वेळ पाहत राहिले. आवाज थोडा खाली आला.

"खरं?" त्यांनी हळूच विचारलं. मी शेजारीच होते म्हणून ऐकू आलं.

"खरं, सर."

"मी तुझ्यापासून हाताच्या अंतरावर होतो."

"तुम्ही मला बसवलं असतंत."

"हो," पिका म्हणाले. "बसवलं असतं."

त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं होतं. त्या सबंध आवारात माझ्याखेरीज त्या एकट्या माणसाला पटलं होतं, आणि मला वाटलं, सुटलो. आता हे सांगतील. ह्यांची गाडी, ह्यांची बायको, सगळं धुतलं जाईल आणि रायमुंडचं जे व्हायचं ते होईल. पिका ग्रूबीकडे वळले.

"खोटं बोलतोय हा," ते म्हणाले. "माझ्यासाठी. चूक माझी एकट्याची. त्याची जर्सी त्याला घाला."

लोकांनी असा आवाज केला की छतावरची कबुतरं उडाली. पिकांनी ती जर्सी रायमुंडच्या हातातून घेतली, झटकली, आणि लहान मुलाला घालावी तशी त्याच्या डोक्यावर धरली. तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"घाल," ते म्हणाले. "तुला हवी होती ना? आता जन्मभर घाल."

मग पिशवी उचलून ते फाटकातून बाहेर गेले, त्या रंगवलेल्या गाडीकडे. कुणी त्यांना वाट दिली नाही, कुणी अडवलंही नाही. रायमुंडला बाहीत हात घालता येईना. बोटं कापडात अडकत होती, पुन्हा पुन्हा, आणि सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. शेवटी मीच त्याचा हात धरून बाहीतून पलीकडे ओढला.